आईने विचारलेला प्रश्न

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रिय ताई,

तुझी परीक्षा संपली असेल, पेपरही बरे गेले असतील. होस्टेलचं जेवण सुधारलं का? इकडे सगळे मजेत. बाबांच्या शिलाईच्या दुकानात नवं मशीन आलंय, ते त्याला कुणाला हात लावू देत नाहीत. मांजरीने तुझ्या कपाटात संसार थाटलाय.

‘सगळे मजेत’ हे खोटं आहे. मला सातवा महिना आहे. परीक्षेत तुझं चित्त उडू नये म्हणून बाबांनी कळवू दिलं नाही. तो कोण, ते तू ओळखशीलच. त्याला त्याच्या मामाकडे धाडलंय, फोन उचलत नाही. त्याच्याबद्दल आज एवढंच.

शाळा सुटली. कालपर्यंत आई ताट वाढायची, औषधाची गोळी हातावर ठेवायची, पण बोलायची नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं गं.

काल दवाखान्यात माझ्यासारख्या मुलींसाठी वर्ग होता. बाळंतपणानंतर लगेच पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून काय करायचं, त्याचा. घरचं कुणीतरी सोबत हवंच, असं सिस्टरनी बजावलं होतं, म्हणून आई आली. मांडीवर पिशवी घेऊन दाराजवळ बसली, तोंड भिंतीकडे. सिस्टर निरोध, गोळ्या, तांबी एकेक उचलून दाखवत होत्या, आणि आम्ही माना खाली घालून खुदुखुदु हसत होतो.

त्यांनी विचारलं, “अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत, असं कुणाकुणाला वाटतं?”

सगळ्यांचे हात वर. माझाही.

“राहतात!” दाराजवळून आवाज आला. आई! “पाळीसुद्धा आली नव्हती, तरी राहिले. ही काय, समोर बसलीय.”

असा हशा पिकला म्हणून सांगू! तू पाळण्यातून उतरायच्या आत मी येऊन टपकले, ते असं होय! सिस्टरही हसल्या. म्हणाल्या, “पाळी परत यायच्या आधीही दिवस राहू शकतात. नुसत्या पाजण्यावर विसंबू नका.”

मग आई उठून टेबलापाशी आली. तांबी हातात घेऊन न्याहाळली.

“ही बाळंतपण झाल्या झाल्या बसवता येते?”

“येते.”

“आणि काढल्यावर पुढे मूल होतं ना?”

“होतं की.”

“मग हिला बसवा. हिची बारावी राहिलीय.”

सिस्टर माझ्याकडे वळल्या. “ते आईने नाही, तू ठरवायचं. तुला काय हवंय?”

ताई, इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. कसंबसं म्हटलं, “शाळेत जायचंय. पण तांबीची भीती वाटते.”

“मग आधी भीतीचं बोलू. दुसरेही उपाय आहेत.” त्या खुर्ची ओढून बसल्या. आईही बसली, माझ्या शेजारी.

परतताना रस्ता ओलांडायला तिने माझा दंड धरला, तो पलीकडे गेल्यावरही सोडला नाही. म्हणाली, “मला माझ्या आईने काही सांगितलं नाही, मी तुला नाही. जीभच रेटत नाही गं.”

आज सकाळी तिनेच कागद आणून दिला. “ताईला कळव. बाबांचं मी बघते.” आता कांदा चिरतेय आणि दर वाक्याला विचारतेय, काय लिहिलंस.

रागव, पण इथे येऊन रागव. बाळंतपणाला मला तू हवी आहेस.

तुझीच,
पाठची बहीण