बिजागरीखालची पट्टी

आबा, आज सकाळी माझा हात चुकला. बिजागरीची खाच जादा खोल गेली. एवढंच सांगायला इतक्या वर्षांनी कागद घेऊन बसले आहे, म्हणजे बघा. माझी शाळा दोन इयत्तांची, अक्षरं वाकडी येतात. पण तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं, तेव्हा चालेल.

नवरा गेल्यावर मी सोलापुरात तुमच्याकडं माघारी आले, तेव्हा तुम्ही मला एकच काम दिलंत, दार तोलून धरायचं. कपाटाच्या चौकटीत दार उभं करायचं, खालून पायाच्या अंगठ्यानं उचलून धरायचं, चारी बाजूंनी पोस्टकार्ड सरकेल एवढी फट ठेवायची. मग तुम्ही बिजागरीची जागा आखून पटाशीनं खाच पाडायचा. बिजागरीचं पान लाकडाच्या बरोबरीनं बसलं पाहिजे, नखाला लागता कामा नये. कुणी खाच खोल पाडून खाली कागदाची घडी सारली की तुम्ही म्हणायचा, "ह्यो सुतार न्हाय, शिंपी हाय. ठिगळ लावतोय." मी हसायचे. पुढं पुढं मला दिसायला लागलं, की तुम्ही रेघ बघत नाही, नखानं चाचपता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तुम्ही बोलला नाहीत, मीही नाही. सुताराला दिसत नाही हे पेठेत कळलं असतं, तर कपाट करायला कोण आलं असतं आपल्याकडं?

मैंदर्गीचा तो कापडवाला आठवतो? सागवानी कपाट न्यायला आला होता. दार लोटलं की लागायचं आणि हात काढला की परत बाहेर यायचं. तो म्हणतो, "काय वो सुतार, ह्ये दार लई मानी हाय की. घरात ऱ्हाईना." तुम्ही बिजागरीवरनं बोट फिरवता आणि बोट तिथंच थांबतं. पान आत बुडालेलं. तुमचं तोंड बघितलं आणि मी बोलून गेले, "म्या पाडली खाच. आबा जेवाय गेलं हुतं." तो हसला. "मंग बरोबर हाय. बाईच्या हातात पटाशी दिल्यावर दुसरं काय हुनार."

मला वाटलं, तुम्ही तेवढ्यावर सोडाल. कुठलं काय. "तुला कुनी हात लावाय सांगितलं हुतं? दार धरायचं सोडून शानपन करती. सागवान काय सासऱ्यानं धाडलंय तुज्या?" शेवटी तोच म्हणाला, "जाऊ द्या की, लेकीला किती बोलताय." तरी तुम्ही थांबेनात. खाच कुणी पाडली हे आपल्या दोघांना ठाऊक, आणि मी खाली मान घालून उभी. दोन दिवस तुमच्या ताटात भाकरी आपटून वाढली. तिसऱ्या दिवशी तुम्ही तुमची अर्ध्या इंचाची पटाशी माझ्यापुढं ठेवलीत, मूठ तुमच्या तळव्यानं झिजलेली. "हितनं फुडं तूच पाड. दार मी धरतो." पटाशी मी घेतली, पण राग काही सोडला नाही. तुम्ही गेलात तेव्हाही तो होताच.

आता दार तुमची धाकटी सून धरते. तुम्ही गेल्यावर लग्न होऊन आली. आज सकाळी गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि माझी पटाशी खोल गेली. एका रेघेच्या मला दोन दिसल्या, आबा. आणि तोंडातून काय आलं, तर "दार हलवलंस. ध्यान कुटं हाय तुजं?" नंतर आणखी बरंच. माझ्याकडं बघून ती म्हणाली, "व्हय वन्सं. हललं आसंल."

दार हललं नव्हतं.

या कागदाचा खालचा कोरा भाग मी आत्ता कापला, घडी केली आणि बिजागरीखाली सारली. दार नीट लागलं. तुम्ही म्हणाल, शिंपी झालीस. झाले. पटाशी तिच्या हातात द्यायला पाहिजे, हे मला कळतंय. पटाशी अजून माझ्याच मांडीवर आहे.