एकच डुक्कर, दोन निकाल

तीर्थरूप मामांना (दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता) साष्टांग नमस्कार.

मामी बऱ्या आहेत ना? तुमच्या गुडघ्याबद्दल दोन डॉक्टरांची दोन मतं पडली हे वाचून फार बरं वाटलं. (गुडघा दुखतो म्हणून नव्हे, मतं दोन पडली म्हणून.) कारण इथे कत्तलखान्यात आम्हा दोन पशुवैद्यांवर, म्हणजे माझ्यावर आणि डॉक्टरीणबाईंवर, त्याच कारणानं गदा आली होती.

आमचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. आकड्याला टांगलेलं डुक्कर समोर येतं, ते तपासायचं आणि शिक्का मारायचा किंवा टाकून द्यायचं. उघड रोगी जनावराबद्दल आमचं दुमत कधीच नसतं. भांडण होतं ते यकृतावरच्या जंतांच्या जुन्या पांढऱ्या डागांवरून. मी म्हणतो, डाग तेवढे कापा. बाई म्हणतात, अख्खं यकृत फेका. (एरवी स्वभावानं गोड आहेत, पण हातात सुरी आली की कुणाच्या नाहीत.) साहेब एक दिवस वैतागले. माणूस बदलला की निकाल बदलतो, हे चालायचं नाही म्हणाले. सोमवारी दोघांची परीक्षा, आणि निकाल जुळले नाहीत तर एकाची बदली!

मामा, माझी झोपच उडाली. पाच वर्षं जिच्याशी रोज भांडलो ती गेली तर भांडायचं कुणाशी? मग ठरवलं, आपण तिच्यासारखं कडक व्हायचं. सोमवारी तीच यकृतं आधी तिच्यापुढे आणि मग माझ्यापुढे ठेवली. डाग दिसला की मी मन घट्ट करून 'फेका' सांगत सुटलो. बाहेर येतो तर साहेब कपाळाला हात लावून बसलेले. बाईंनी प्रत्येक वेळी 'डाग कापा, बाकी पास' सांगितलं होतं, थेट माझ्यासारखं! एकही निकाल जुळला नाही.

आम्ही दोघं इतके हसलो की साहेबांनाही हसू आवरेना. "अहो, एकमेकांचं मन एवढं कळतं, तर आधी बोलून का नाही घेत?" ते म्हणाले. मग चहा पिता पिता नियम ठरला: डाग मोजके असले तर कापायचे, पसरलेले असले तर यकृत फेकायचं. बदली टळली. आता निकाल असे जुळतात की भांडायला विषय शोधावा लागतो. मी भलताच खुशीत आहे.

तुमचा लाडका (असं मामी म्हणतात) भाचा

ता. क. : तिला लग्नाचं विचारलं. खात्री असावी म्हणून एकदा जेवणाआधी आणि एकदा जेवणानंतर. दोन्ही वेळा 'हो'च आलं. आता आईच्या कानावर तुम्हीच घाला, थोरल्या भावापुढे तिचं काही चालत नाही.

दुसरा ता. क. : मुलगी कशी आहे, हे आई तुम्हाला आणि मामींना वेगवेगळं गाठून विचारणार. हात जोडतो, आधी दोघं बोलून घ्या.