बसून गवत कापायची मशीन

माय,

पहिले एक सांगून टाकतो. कालिजाच्या मैदानावर ती बसून गवत कापायची मशीन आली होती ना, ती आता माह्या घरी हाय. अकोल्याले, जठारपेठेत, घरामांगं जिथं तुही सून मिरच्या वाळू घालते तिथं उभी हाय. हे घर तू पाह्यलं नाई. तू गेली तवा आमी अमरावतीलेच होतो. घर मोठं नाई, पन मांगं थोडी जागा हाय, अन् आता त्या जागेत मशीन हाय, म्हनून मिरच्या गच्चीवर गेल्या अन् सून माह्यावर तनतन करून राहिली.

मी भंगारवाल्या चाचाकडे पाइप पाहाले गेलो होतो. कूलरायच्या ढिगाखाली तिचं तोंड दिसलं. रंग उडालेला, बसायची गादी फाटलेली, पुढचं एक चाक गायब. तरी मी एका नजरेत वयखली, काहून की पाय ठेवायच्या पत्र्यावर जे वेल्डिंग हाय ते माह्या हातचं हाय. वाकडं हाय, तवा मले पातळ पत्रा जमत नव्हता. कालिजानं लिलावात काढली, तिथून कोनाकोनाच्या हातातून इथवर आली. चाचा म्हनते, "मिस्त्री, ये तो साहब लोगों का खिलौना है. तुमी हिचं काय करता, बसून भाजी आनाले जाता का?" मी म्हनलं, टेम्पोत चढव, बोलू नको जास्त. घरी आल्यावर सून म्हनते, "अंगन दहा फुटाचं, त्यात गवत चार काड्या. हे काहून आनलं?" माय, तुले माहीत हाय, मले कोनी काहून इचारलं की डोकं फिरते. मी म्हनलं, पाहू.

दोन महिने लागले. वरचं झाकन काढलं त आतमंदी उंदरानं घर केलेलं, सगळं कापसाचं. टाकीतलं पेट्रोल वाळून गोंदासारखं झालं होतं. कार्बोरेटर तीन दिवस भिजत ठेवला तवा त्याची भोकं उघडली. खाली जिथं पाती फिरते ते कढईसारखं झाकन सडून गेलं होतं, त्याले जुन्या कूलरचा पत्रा कापून ठिगळ लावलं. हिचा पट्टा इकडे भेटत नाई, मंग चक्कीवाल्याकडून आनला, एक बोट मोठा होता त मधातली पुली सरकवून बसवला. गादी अ‍ॅटोवाल्यानं शिवून देल्ली, लाल रेग्झीन. आता तुही सून सकाळी चहाचा कप घेऊन त्याच गादीवर बसते अन् म्हनते, खुर्ची बरी झाली. एवढं सारं करता करता मी कायले करून राहिलो, हे मले ठाऊक नव्हतं. हात चालू होते, डोकं मांगं जात होतं.

ती सालं खराब होती. कापूस झाला त भाव नाई, भाव आला त बोंडात काही नाई. नांदगाव खंडेश्वरकडच्या वावरायत निंदनाचं काम हप्त्यात दोन दिवस भेटे, तेही भांडून. तवा तू अमरावतीले माह्यापाशी आली अन् आठ दिवसात आपल्या पायानं जाऊन कालिजाच्या मैदानावर काम पाह्यलं. मले इचारलंही नाई. सोळा बाया होत्या. मी एकदा तुही भाकर द्याले आलो होतो, ते अजून डोयापुढं हाय. सोळा बाया एका रांगीत उकिडव्या बसल्या हायेत, डाव्या हातात गवताची मूठ, उजव्या हातात इळा, अन् सगळ्या संगच पुढं सरकून राहिल्या. तू डाव्या टोकाले. कोनी बाई पुढं गेली की तू मान वर न करता म्हनते, "मांगं ये वो, तुह्या घरी काय पाहुने आले का?" बाया हासतात अन् ती बाई मांगं येते. दोरी नाई, चुना नाई, अन् मांगं पाह्यलं त कापलेलं मैदान काठी ठेवल्यासारखं सरळ. मी म्हनलं, एवढं सरळ कोनाले दाखवाले? तू म्हनली, "वाकडं झालं त दुसऱ्या दिवशी आपल्यालेच दिसते."

मंग मशीन आली. सोळाच्या सोळा बायायले उद्यापासून येऊ नका म्हनून सांगतलं. तू घरी आली, इळा दाराच्या चौकटीवर ठेवला अन् दुसऱ्या दिवशी मजुरायच्या ठिय्यावर जाऊन उभी राह्यली. रोज सकाळी. त्या सालात ठिय्यावर मानसं जास्त अन् नेनारे कमी. किती येळा दहा वाजता वापस आली, तुहं तुले माहीत. आली की भांडे घासाले बसे, घासलेले भांडे पुन्हा घासे.

श्रावणात मशीन बंद पडली. गवत गुडघ्याएवढं झालं, अन् कालिजाच्या साहेबानं बायायले पुन्हा बोलावलं. त्या दिवशी तू लोहाराकडून नवा इळा आनला. रात्रंदिवस मी तुह्यासंग राह्यलो, पन तुले गानं म्हनताना तवाच ऐकलं, सैपाक करता करता, बेसूर.

मी तवा डिझेल इंजनाच्या गॅरेजात होतो. दसऱ्याच्या आधी कालिजाचा शिपाई मले बोलवाले आला. मैदानावर काही कार्यक्रम होता, साहेबाले मशीन पाह्यजे होती. मी गेलो. टाकीचं झाकन उघडलं अन् वासानंच समजलं. शिपायाले म्हनलं, हिच्यात घासलेट कोनं टाकलं? तो म्हनते, "मीच टाकलं. आमच्या वावरातलं इंजन पेट्रोलवर चालू करतो अन् घासलेटवर चालवतो. अन् मिस्त्री, घास कापायची मशीन हाय, तिले घासलेट नाई त काय पाजू?" मी हासलो. आपल्याकडचा कोनताही मानूस हेच करन, मीही गॅरेजात शिकलो नसतो त केलं असतं. नागपुराहून कंपनीचा मानूस दोन येळा येऊन गेला होता म्हने, त्याले समजलं नाई, काहून की कोनी असं करू शकते हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं. साहेब व्हरांड्यात उभा होता. म्हनला, "काय मिस्त्री, होईल का हे? की काढू भंगारात?"

मी म्हनलं, होते साहेब.

अर्ध्या घंट्याचं काम. टाकी खाली केली, आइल बदललं, प्लग पुसला, कार्बोरेटर फुंकला. दुसऱ्या झटक्यात चालू झाली. पाय ठेवायचा पत्रा तुटलेला होता, तो गॅरेजात नेऊन वेल्डिंग करून आनला, तेही कोनी सांगतलं नव्हतं. संध्याकाळी तू इचारलं, "घासलेटाचा वास कायचा येऊन राहिला?" मी म्हनलं, गॅरेजात डबा सांडला. तू भाकर थापून राहिली होती, तुहा हात थांबला नाई.

दुसऱ्या दिवशी साहेबानं मले सकाळीच बोलावलं, शिपायाले चालवाचं शिकव म्हने. मी गादीवर बसलो अन् निघालो. पहिला फेरा, दुसरा फेरा. आठ वाजता बाया आल्या. इळे हातात, डबे हातात, फाटकापाशी उभ्या. तूही होती. मी मशीन थांबवली नाई. मले मांगून एका बाईनं सांगतलं, तिनं तुले इचारलं होतं, "तो तुहा पोरगा होय ना?" अन् तू म्हनली, "होय, माहाच." बस एवढंच. मंग तुमी सगळ्या परतल्या.

मी घरी आलो त तू ताट वाढलं. वरन, भाकर, तव्यावरची मिरची. मी खाली मान घालून जेवतो हावो. तू पानी ठेवते अन् म्हनते, "रांग सरळ आली तुही." अन् चुलीकडे वळते.

इतके वर्स झाले, मले समजलं नाई की ते तू खरंच म्हनली की टोमना मारला. तू टोमना माराची त लोकायले दोन दिवस झोप नाई यायची, म्हनून टोमना असन त मले कळाले पाह्यजे होता. अन् खरं म्हनली असशीन, त ते टोमन्याहून खराब हाय. तुह्या सुनेले मी एकदा हे सगळं सांगतलं. ती म्हनली, तुमी कामाचे मानूस, कामापुढं तुमच्या ध्यानात आलं नसन. मी हो म्हनलं.

आता मशीन चालू हाय. आठ दिवस झाले, एका झटक्यात लागते, आवाज गोड हाय. परवा अकोट रोडवरच्या लग्नाच्या लॉनवाला आला होता. चाचानंच त्याले सांगतलं असन. मशीनभवती फिरला, गादीवर बसून पाह्यला, म्हनला, "काका, मले देऊन टाका, लॉन मोठं हाय माहं." मी इचारलं, आता गवत कोन कापते? तो म्हनला, "चार बाया हायेत. हिवरखेडकडच्या. रोज कोनाले ना कोनाले काम असते, एक आली त दुसरी नाई. कटकट हाय."

मी म्हनलं, इंजन खराब हाय. बोअर गेला. होत नाई आता.

तो म्हनला, बसल्या बसल्या एवढी चकाचक केली, अन् इंजन खराब? मी म्हनलं, हो, खराबच हाय. तो गेला. तुही सून दारातून ऐकत होती. ती मिरच्यायचा डबा घेऊन आत गेली.

खोटं बोलाले मले एक मिनिटही लागलं नाई, माय. त्या दिवशी साहेबापुढंही एवढंच लागलं असतं. अन् सुनेले मी हो म्हनलं ते खरं नाई. प्लग हातात होता तवा तुमी सोळा जनी मले आठवल्या होत्या, तुहा नवा इळाही आठवला होता, अन् तरी मी तो प्लग बसवला. मशीन चालू करून दाखवायची होती मले. तुलेही. फाटकापाशी तू आली का, हे मी पहिल्या फेऱ्यापासून पाहून राहिलो होतो.

तू असती त हे तोंडानं सांगतलं नसतं. तुले वाचता येत असतं त लिवलंही नसतं.