चिमूटभर माती

४ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

कॅन्सरच्या औषधांसाठी तुला त्या बंद खोलीत ठेवून आज सोळा दिवस झाले. फोनवर तू नुसतं बरं आहे म्हणतेस, म्हणून पत्र. एवढ्या लांबून येऊन दाराबाहेरूनच परतायचं, तर काय उपयोग?

रोपवाटिकेत गुलाबाची दोनशे कलमं कुंड्यांची वाट बघताहेत. पण मातीचं मिश्रण तुझ्या बोटांखालून गेल्याशिवाय आपण कधी कुंडी भरलीय? पुडीत चिमूटभर घातलंय. चोळून बघ आणि पास की नापास ते कळव.

माया आहे तेवढी असू दे, रागावणं थोडं कमी कर.

तुझा ढब्बू

९ मार्च

चि. ढब्बूस, अ. उ. आ.

नर्सबाईंचा डोळा चुकवून पाण्याचे दोन थेंब टाकले आणि चोळलं. गाढवा, केवढी वाळू घातलीयस! पालापाचोळ्याचं खत दोन घमेली वाढव. किती दिवसांनी हाताला काम मिळालं.

पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्यात, म्हणून इथे जो येतो तो मास्क लावून. माणसाचं अख्खं तोंड पाहून तीन आठवडे झाले. फार एकटं वाटतं रे. छातीत औषधासाठी घातलेल्या नळीपाशी जरा खाजतंय, बाकी ठीक.

पुढची पुडी लवकर पाठव. तोवर शहाण्यासारखा वाग.

ताई

१७ मार्च

चि. ढब्बूस, अ. उ. आ.

मला पेन धरवत नाही, म्हणून नर्सबाई लिहून घेताहेत. सहा दिवस ताप हटेना, औषध लागू पडेना. डॉक्टर म्हणाले, रक्तात भलताच जंतू दिसतोय, ओळख पटायला वेळ लागेल. असले जंतू मातीत असतात, मातीला हात लावला होता का? तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी नाही म्हणाले. खरं सांगितलं असतं तर तुझी पत्रं बंद झाली असती, आणि तू स्वतःला दोष देत बसला असतास.

चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही, खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसले. मला मरायची भीती वाटली. सगळं सांगितलं. उशीखालची पुडी त्यांनी चिमट्याने उचलून नेली आणि औषध बदललं. मातीचाच हात मी नळीला लावला होता. चूक माझी आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस.

आता काचेच्या खोलीत हलवलंय. कागद आत येत नाही, नर्सबाई काचेवर धरतील. एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात लिही.

जेवत जा वेळेवर.

ताई

२२ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

ताप उतरल्याचं कळलं तेव्हा खताच्या ढिगावर बसून रडलो.

चूक तुझी नाही. मिश्रण कसं हवं ते मला आठ वर्षांपासून कळतं. वाळू मी मुद्दाम जास्त घातली होती, तू रागावून लिहावंस म्हणून. घरात माझ्यावर ओरडायला कुणीच उरलं नाही, ताई. मला माफ कर.

दोनशे कुंड्या भरल्या. तुझ्या मापाने.

हा कागद नर्सबाईंनी धरलेला नाही. वाचून झालं की त्याच्या वर बघ. काचेच्या या बाजूला मास्क लागत नाही.

ढब्बू