चारशे बारा मापं, शेऱ्यांसह

३ फेब्रुवारी
सर्व गिऱ्हाइकांची मापं आज कॉम्प्युटरवर चढवून पूर्ण. ४१२. क्लास लावला नाही, कुणाला विचारलं नाही. शिवणही असंच शिकलो, एक जुना कोट उसवून. नाव, फोन, पाव इंचापर्यंत माप आणि शेवटी शेरा. शेरा हा माझा शोध. उदा. बँडमास्तर: 'पोट आत ओढून उभे राहतात. श्वास सोडेपर्यंत गप्पा मारणे.' माप कुणीही घेईल, माणूस ओळखायला टेलर लागतो.

५ फेब्रुवारी
मेहुणा आला. विम्याचं काम करतो, जेवायला बसला तरी बगलेत फॉर्म. म्हणाला, भाऊजी, सायबर विमा काढा, छोट्या दुकानांसाठी आहे. गिऱ्हाइकांची माहिती चोरीला गेली तर निस्तरायचा खर्च कंपनी देते. मी विचारलं, मापं चोरून चोर काय करणार, शर्ट शिवणार? बायको म्हणाली, मापांचं सोडा, शेरे जातील. तिला या विषयातलं कळत नाही.

८ फेब्रुवारी
समोरच्या केमिस्टचा कॉम्प्युटर कुणीतरी लांबूनच लॉक केला. तीन दिवस बिलं हाताने लिहितोय. विमा काढायचं ठरवलं. निर्णय पूर्णपणे माझा.

१० फेब्रुवारी
फॉर्म घेतला. प्रश्न ४: सुरक्षेची जबाबदारी कोणाकडे? माझ्याकडे. प्रश्न ७: कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं का? ताबडतोब दिलं. कर्मचारी म्हणजे बायको, काजं-बटणं बघते. यादीत नोंद कशी करायची ते दाखवून तिला तासभर सरावाला बसवलं. नियम पाठ करून घेतला: अनोळखी मेलला काहीही पाठवायचं नाही. यादीला पासवर्ड लावला, माझ्या कंबरेचं माप, ३६. ती बराच वेळ कापडाच्या गठ्ठ्यात तोंड घालून हसत होती.
प्रश्न ११: तुमच्या चुकीने कधी माहिती बाहेर गेली आहे का, हो किंवा नाही. नुसत्या 'नाही'ने माझी कार्यपद्धती कशी कळणार? वेगळी दोन पानं जोडली.

१९ फेब्रुवारी
फॉर्म परत. दोन पानं नकोत म्हणे. मी प्रश्न ११ सुधारून पाठवला. उत्तर नव्हे, प्रश्न. मेहुणा म्हणाला, टिक करा आणि मोकळे व्हा. अशा घाईनेच बाह्या आखूड होतात.

२६ फेब्रुवारी
पुन्हा परत. असो. बँडमास्तरांनी बावीस कोटांचं कापड आणून टाकलं. आमचं वर्ष यावरच निघायचं आहे.

२ मार्च, सकाळी
विमा कंपनीचा मेल: माहिती तपासून कळवा. दुकान सुरू होऊन वीस वर्षं. चूक, तेवीस. गिऱ्हाइकं अंदाजे ३००. माझ्या दुकानात अंदाज चालत नाही. सगळं दुरुस्त केलं, पुरावा म्हणून पूर्ण यादी जोडली, पासवर्डही कळवला, नाहीतर उघडणार कशी? बायकोने नियमाची आठवण दिली. तिला समजावलं, हे अनोळखी नव्हेत. एका मेलमध्ये इतक्या चुका विमा कंपनीच करू शकते.

२ मार्च, दुपारी
मेहुण्याचा फोन. कंपनीने असा मेल पाठवलेलाच नाही. तरीच या वेळी काही परत आलं नाही.

५ मार्च
चोराचा मेल. पैसे द्या, नाहीतर ४१३ गिऱ्हाइकांची यादी त्या सगळ्यांनाच पाठवतो. मी बाणेदारपणे कळवलं की आकडा ४१२ आहे, आधी मोजायला शिका. मेहुण्याला विम्याचं विचारलं. म्हणाला, कसला विमा, फॉर्म अजून तुमच्याच टेबलावर पडलाय.

६ मार्च
चोराने यादी खरंच सगळ्यांना पाठवली. सकाळपासून सात जण येऊन गेले. केमिस्टचा शेरा: 'डावा खांदा उतरलेला, मान्य करत नाही.' भांडण संपेपर्यंत तो खांदा उचलून उभा होता. बँडमास्तरांचा फोन: माझ्या पोटाची बातमी ढोलवाल्याने मला वाचून दाखवली. उद्या कापड न्यायला येतो.

७ मार्च
बँडमास्तर आले. हातात यादीची छापील प्रत. बायको बावीस कोटांचा गठ्ठा बांधत होती. मी पोट आत घेऊन ऐकत होतो. कुणाकुणाची अब्रू काढलीत ते मोठ्याने वाचत बँडमास्तर शेवटच्या पानावर गेले आणि थांबले. ओळ ४१३. माझंच नाव. 'कंबर ४१. छत्तीस सांगतात. वाद घालू नये.'
बायको म्हणाली, सरावात लिहिलं होतं, पुसायचं शिकवलं नाहीत.
बँडमास्तर स्टुलावर बसले. म्हणाले, टेलरमास्तर, तुम्हीही ओढता होय. मग त्यांनी श्वास सोडला. मीही सोडला. गठ्ठा सोडा म्हणाले. फक्त मापं वहिनी घेतील.

९ मार्च
बावीस जणांची मापं बायकोने घेतली. काजं-बटणं माझ्याकडे. विम्याचा फॉर्म पुरा केला. प्रश्न ४, बायको. प्रश्न ११, हो. दोन पानं लागली नाहीत.
संध्याकाळी तिच्याकडून कंबर मोजून घेतली. श्वास सोडा म्हणाली, आणि गप्पा मारत थांबली.
मला खात्री होतीच, तिचं ४१ चुकीचं होतं. साडेएक्केचाळीस भरली.