दर सोमवारी तीन

होख्लांट बाई,

आपण कधी समोरासमोर भेटलो नाही. हॉस्पिटलच्या समुपदेशक म्हणून दर सोमवारी कॉम्प्युटरवर तुमचा प्रश्न यायचा, "फ्राउक्ये, या आठवड्यात मनावर किती भार आहे? शून्य ते दहामध्ये सांगा." किमोनं तिची बोटं बधिर झाली होती, म्हणून उत्तर मी, तिचा नवरा, टाइप करायचो.

"तीन लिही," ती म्हणायची.

"अगं, सकाळपासून ओकतेयस."

"मग? त्या बाईंना माझ्याहून वाईट पेशंट असतील. तीन लिही."

आमच्या फ्रिसलँडमध्ये कॉफीबरोबर एकच बिस्किट देतात आणि डबा बंद करतात. तिनं दुखणंही तसंच मोजून दाखवलं. मी मुकाट्यानं तीन लिहीत राहिलो, आणि तुम्ही दर वेळी कळवलंत, "छान सावरताय."

फ्राउक्येला जाऊन बारा दिवस झाले. तुम्हाला सांगायला हवं होतं. पण काल नेहमीसारखा प्रश्न आला आणि मी नऊ लिहून टाकलं.

तासाभरात तुमचं उत्तर आलं, "प्रिय फ्राउक्ये, या आठवड्यात असं काय झालं?"

हे पत्र पाठवलं, तर पुढच्या सोमवारी मला कोणी काही विचारणार नाही.

तिच्या वतीनं लिहिणारा,
वीब्रन