बॅटरीचे टक्के खातो कोण?

सीपरी बाजार, झाशी
चैत्र, ऊन आत्ताच तोंड भाजतंय

चि. जयंत यास दीनानाथमामाचे भरघोस आशीर्वाद. तिकडे जर्मनीत तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो (मागच्या व्हिडिओत तू सुटलेला दिसलास, फोनचा दोष असेल तर तसं कळव). माझं पोट ठीक. तुझ्या सिंधूमामीचे गुडघेही बरे आहेत. जरा जास्तच बरे आहेत, हल्ली मागच्या अंगणात सारख्या फेऱ्या मारते, आणि मला पहिला संशय तिथेच आला.

पण सुरुवातीपासून सांगतो. संक्रांतीनंतर तू तुझी ती झोपायची-स्वयंपाकाची गाडी आमच्या मागच्या अंगणात उभी करून गेलास. जाताना बजावलंस की सीटखालची लिथियमची बॅटरी साठ टक्क्यांच्या आसपास ठेवा, पूर्ण भरू नका, पूर्ण उतरू देऊ नका. बटण बंद, छपरावरच्या सोलर पॅनेलची जोडणी सोडलेली, वर ताडपत्री. दोन-तीन महिन्यांनी टक्के बघा. आणि लूचे भाजणारे वारे सुटायच्या आत बॅटरी काढून घरातल्या थंड खोलीत ठेवा. खरं सांगू, मला हे तेव्हाच पटलं नव्हतं. टाकी, सिलिंडर, पिठाचा डबा, सगळं भरलेलंच चांगलं असं मानण्यात माझा जन्म गेला. अर्धी ठेवली तर जास्त वर्षं टिकते अशी वस्तू मी पाहिलेली नाही. पोरगा काहीतरी लपवतोय, असं मी त्याच रात्री मामीला म्हणालो. ती कूस बदलून झोपली.

तू दोन-तीन महिन्यांनी बघा म्हणालास. मी रोज बघत होतो. होळीपर्यंत टक्का फारसा हलला नाही. होळीनंतर एके सकाळी पाहतो तर चांगले आठ टक्के कमी! बंद बॅटरी महिन्याला जेमतेम दोन-तीन टक्के उतरते, हे तुझेच शब्द. म्हणजे चोरी. माझी नजर सरळ शेजारच्या रत्नाकरवर गेली. नागपूरहून बदलून आलेला इंजिनियर, भिंतीवरून बघून हसतो. नुसता हसतो! पण त्याच्याकडे वायर कुठून जाते हे शोधत मी भिंतीवर वाकलेलो असतानाच टक्के पुन्हा साठ झाले. आता सांग, वीज चोरून परत आणून ठेवणारा चोर तू कधी पाहिलास? पुढे हेच चालू. उतरायची, चढायची. ताडपत्रीची घडीही माझी नव्हे. मग मला वाटलं की हे तुझंच काम. हल्ली मोबाईलवरून काय वाटेल ते करतात. तू तिकडे थंडीत बसून आमच्या झाशीचं ऊन ओढत असशील. (हे मी मामीला बोलून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटलं, तिलाही धक्का बसला.)

शेवटी सापळा लावला. चिरगाँवला जुन्या पोस्टमास्तरांना भेटून संध्याकाळी येतो असं सांगून निघालो आणि ऑटोतून पुढच्याच कोपऱ्यावर उतरलो. ऑटोवाला म्हणाला, "बाबूजी, चिरगाँव की बस यहाँ से नहीं मिलेगी." म्हटलं, मालूम है. तो वळून वळून माझ्याकडे संशयाने बघत गेला (या गावात आता कुणाचा कुणावर विश्वास उरलेला नाही). मागच्या फाटकाने अंगणात शिरलो. ताडपत्री ओढलेली, गाडीत पंख्याची घरघर आणि बोलण्याचे आवाज. एक मामीचा. दुसरा बायकी, ओळखीचा. आणि मग एक खोकला, जो मी हजारात ओळखेन. तुझा धाकटा मामा शरदचंद्र!

तुला आमचं माहीत आहे, तरी सांगतो. वाटणीत आम्हा भावांना एकेक कूलर आला. माझा पहिल्याच उन्हाळ्यात कोकलायला लागला. याची मोटर कुणी बदलली असावी, एवढंच मी म्हणालो. नाव घेतलं नाही, फक्त शरदकडे पाहिलं. तो म्हणाला, तुझ्या घरात पाय ठेवणार नाही. मीही तेच म्हणालो. त्यानंतर कित्येक उन्हाळे गेले; एकाच गावात राहून आम्ही समोर आलो की रस्ता बदलत होतो.

मी दार खेचलं. आत शरद, त्याची बायको बकुळा आणि आमची सिंधू, मधे चहाचा थर्मास. मामी अजिबात दचकली नाही. म्हणाली, "शपथ घराची होती. ही गाडी आहे. तुम्ही दुपारी झोपलात की आम्ही इथे बसतो. आणि दुसरी किल्ली जयंतने मला दिली आहे." म्हणजे तूही सामील! पण तुझं नंतर बघू. मी शरदकडे पाहत होतो. केस पार पांढरे झालेत रे त्याचे. बोलायचं किती काय काय होतं, आणि तोंडातून निघालं एवढंच, "किती टक्के?"

त्याने मागे वळून बॅटरीच्या पडद्यावरचा आकडा पाहिला. "छप्पन. पन्नासच्या खाली जाऊ देत नाही, दादा. उतरली की पॅनेल जोडतो, साठ झाले की सोडतो."

दादा म्हणाला. मी त्याला म्हटलं, सरक.

तेव्हापासून दुपारी आम्ही चौघं गाडीत बसतो. बॅटरी सोडून दुसऱ्या विषयावर आम्ही भाऊ अजून बोललेलो नाही. पण बॅटरीवर किती बोलता येतं, हे तुला कळायचं नाही. असो. तुझी गाडी, बॅटरी आणि दोन्ही मामे सुस्थितीत आहेत, एवढं मनात ठेवून स्वस्थ राहा.

तुझा,
दीनानाथमामा

ता. क. लू आता आठवड्यावर आली. बॅटरी गाडीतून काढावी लागेल, म्हणजे पंखा बंद, आणि त्या भट्टीत कोण बसणार? तेव्हा तू शरदला फोन कर. म्हणावं, बॅटरी दीनानाथमामाच्या आतल्या खोलीत ठेवायची आहे आणि दादाला यातलं काही कळत नाही, तुम्ही रोज जाऊन टक्के बघा. बॅटरीसाठी आलं तर शपथ मोडत नाही, असंही सांग. मी सुचवलं हे मात्र बोलू नकोस.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना मामी म्हणाली, शरदने तुला कालच फोन करून बॅटरी त्याच्या घरी ठेवायला आणि मला रोज टक्के बघायला पाठवायला सांगितलं आहे. त्याचं अजिबात ऐकू नकोस. त्याच्या घराला पश्चिमेचं ऊन आहे. मला आधीपासूनच संशय होता.